बिअर कडू आहे म्हणून औषधी होत नाही

वाचकहो, आज जरा भांडायचं आहे. तुमच्याशी, माझ्या काही मित्रांशी आणि माझ्या व्यवसायातल्या काही मंडळींशीसुद्धा.

निमित्त घडलं मुर्ध्यात. भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागलं की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं एकामागोमाग एक येतात. मध्यंतरी मेट्रोच्या कारशेडच्या वादामुळे ही नावं पेपरात झळकली. एरवी समुद्रावर जाणारी मंडळी इथून गाडी न थांबवता पुढे जातात. तिथे माझा एक जुना मित्र राहतो. त्याच्या गच्चीवरून मिठागरं दिसतात आणि संध्याकाळी खाडीवरून वारा येतो. त्याचा पुतण्या अमेरिकेहून आला होता, म्हणून जेवायला बोलावलं होतं. तांदळाच्या भाकऱ्या, कोलंबीचं कालवण, उत्तनच्या सुक्या बोंबलांची चटणी. जेवणाआधी पुतण्याने फ्रिजमधून एक उंच कॅन काढला.

"काका, एक घोट घेऊन तर बघा. डबल आयपीए आहे. मोठ्या कंपनीची नाही, क्राफ्ट. सगळं नॅचरल."

मी काही साधू नाही. वर्षातून दोन-चार वेळा घेतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या मनात शंका नको. ग्लासात ओतल्यावर रंग गढूळ केशरी दिसला. वास खरंच सुंदर होता. पपनसाची साल नखाने सोलल्यावर येतो तसा, मागे थोडा तिरफळाचा आणि लाकडाच्या डिंकाचा. पहिल्या क्षणी जिभेवर गोडसर लागलं आणि मग कडूपणा आला. आला तो गेलाच नाही. कारल्याचा कडूपणा भातासोबत निघून जातो, हा गिळल्यानंतरही अर्धा मिनिट तोंडभर राहिला. काडेचिराईताच्या काढ्याची आठवण झाली. दुसऱ्या घोटाला मात्र तोच कडूपणा कमी वाटला, आणि तिसरा घ्यावा असं वाटू लागलं. या शेवटच्या गोष्टीकडे लक्ष ठेवा, पुढे तिच्याकडे यायचं आहे.

कॅनवर दोन आकडे होते. ७० आयबीयू आणि ९ टक्के. कॅन ४७३ मिलीचा. मला परत स्कूटरवर जायचं होतं, मी ग्लास खाली ठेवला. मित्राने उचलला, तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाला, "आजीच्या काढ्यासारखी आहे रे! म्हणजे पोटाला चांगलीच असणार. बिअर म्हणजे तरी काय, जवाचं पाणी. आमच्या मेव्हण्याचा मुतखडा बिअरनेच पडला."

पाहुणा होतो, जेवण समोर होतं, मी फार बोललो नाही. पण त्या चार वाक्यांत चार गैरसमज होते, आणि चारही मी आठवड्यातून एकदा तरी दवाखान्यात ऐकतो. तिथे न बोललेलं सगळं इथे लिहितो.

आधी हा कडूपणा कुठून येतो ते बघू. बिअरमध्ये जव, पाणी, यीस्ट आणि हॉप्स असतात. हॉप्स ही एका वेलीची फुलं. आपल्याकडे हिमाचलात लाहौलच्या खोऱ्यात ही वेल लावतात. ती गांजाच्याच कुळातली आहे (हे सांगितलं की तरुण मंडळींचे डोळे चमकतात, पण हॉप्सने गांजाची नशा चढत नाही, निराश व्हा). हॉप्समध्ये काही आम्लं असतात. बिअरचं मिश्रण उकळताना त्यांची रचना बदलते आणि ती चांगलीच कडू होतात. जास्त वेळ उकळाल तितकी बिअर जास्त कडू. ते मोजायचं माप म्हणजे आयबीयू. एक लिटर बिअरमध्ये या कडू द्रव्याचे साधारण किती मिलिग्रॅम आहेत, ते हा आकडा सांगतो. आपल्या नेहमीच्या लागर बिअरमध्ये दहा-पंधरा, आयपीएमध्ये चाळीस ते सत्तर, आणि त्याहून वरच्या प्रकारांत शंभराकडे.

आता तो ४७३ मिलीचा कॅन घ्या. ७० आयबीयू म्हणजे त्यात कडू द्रव्य साधारण ३३ मिलिग्रॅम. आणि दारू, म्हणजे इथाइल अल्कोहोल? साडेतेहतीस ग्रॅम. मिलिग्रॅममध्ये लिहायचं तर ३३,५०० च्या वर. ज्या कडू 'औषधा'साठी माझा मित्र तो ग्लास पोटाला चांगला म्हणत होता, ते त्यात दारूच्या हजाराव्या भागाइतकं होतं. हॉप्समधल्या काही द्रव्यांवर प्रयोगशाळेत पेशींवर, उंदरांवर काम झालं आहे, त्याच्या बातम्या व्हॉट्सॲपवर फिरतात. तिथे वापरलेली मात्रा आणि पेल्यात मिळणारी मात्रा यांचा मेळ लागत नाही. मेळ घालायला निघालात तर कडू द्रव्याआधी दारूचीच मात्रा पूर्ण होईल.

'कडू ते औषधी' हे आपल्या घराघरांत मुरलेलं आहे. गुढीपाडव्याला कडुलिंब, तापाला काडेचिराईत, मधुमेहाला कारल्याचा रस. पण शरीराच्या दृष्टीने कडू म्हणजे काय? निसर्गातली बरीच विषं कडू असतात, म्हणून कडू ओळखायला आपल्या जिभेवर पंचवीसच्या आसपास प्रकारची ग्राहकं आहेत. गोडासाठी इतकी सोय नाही. (शाळेच्या पुस्तकात जिभेचा नकाशा असायचा, पुढे गोड आणि मागे कडू असा. तो चुकीचा आहे, सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात.) कडू ही मुळात धोक्याची घंटा आहे. औषधं कडू लागतात कारण त्यातली बरीचशी जास्त मात्रेत विषच असतात.

ही घंटा न ऐकल्याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. दुधीचा रस. आरोग्याला चांगला म्हणून लोक सकाळी उपाशीपोटी पितात. एखादा दुधी कडू निघतो, त्यात कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. 'कडू आहे म्हणजे जास्त गुणकारी' असं समजून लोकांनी तो संपवला, रक्ताच्या उलट्या झाल्या, काही जण दगावले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीलाही सांगावं लागलं की रस कडू लागला तर पिऊ नका, फेकून द्या.

हॉप्स तसे विषारी नाहीत, गैरसमज नको. पण कडू चवीवरून गुण ठरवायची सवय किती महागात पडू शकते, ते कळावं म्हणून सांगितलं.

हा कडूपणा सगळ्यांना सारखा लागत नाही, हीही गंमत आहे. १९३१ साली आर्थर फॉक्स नावाच्या अमेरिकन रसायनतज्ज्ञाच्या हातून प्रयोगशाळेत पीटीसी नावाची पूड उडाली. सहकारी म्हणाला, फार कडू आहे. फॉक्सला काहीच लागलं नाही. पुढे कळलं की हा फरक आनुवंशिक आहे. मेडिकल कॉलेजात आम्हाला या पुडीच्या कागदी पट्ट्या चाटायला द्यायचे. बाकावरचा एक जण थुंकायला धावायचा आणि शेजारचा पट्टी चघळत बसायचा. तेव्हा मित्रांनी आग्रह केला आणि तुम्हाला ती बिअर अजिबात सोसली नाही, तर तुम्ही मागासलेले नाही आहात. कदाचित तुमची जीभ जास्त जागी असेल.

मग दुसऱ्या घोटाला कडू कमी का वाटलं? एक तर जीभ सरावते. शिवाय मेंदू हिशोब शिकतो: ही कडू चव आली की थोड्या वेळाने बरं वाटतं. कॉफीचंही असंच होतं. 'चव लागावी लागते' असं जाणकार म्हणतात त्यात तथ्य आहे, पण ती लावण्यात दारूचाही वाटा असतो, हे सांगायला ते विसरतात. आणखी एक. जास्त दारू असलेल्या बिअरमध्ये माल्टचा गोडवाही जास्त असतो. तो गोडवा आणि हॉप्सचा कडूपणा एकमेकांना सांभाळून घेतात आणि दारूची जळजळ झाकली जाते. नऊ टक्के प्यायलात हे जीभ सांगत नाही, खुर्चीतून उठल्यावर पाय सांगतात.

आता भाषेतला घोळ. मराठीत 'कडू' आणि 'कडक' हे शब्द शेजारी बसतात आणि बिअरच्या बाबतीत लोक त्यांची सरमिसळ करतात. 'फार कडू आहे, म्हणजे कडक असणार' किंवा उलट, 'कडू नाही, म्हणजे सौम्य'. दोन्ही चूक. आयबीयू चवीचा आकडा आहे, टक्के दारूचा. एकावरून दुसरा कळत नाही. आपल्या दुकानात मिळणारी स्ट्राँग बिअर अजिबात कडू नसते, बर्फासारखी गार केली की तर चवच नसते, आणि तिच्यात दारू मात्र आठ टक्क्यांपर्यंत असते. भारतातल्या नियमांनुसार पाच टक्क्यांपर्यंत साधी बिअर आणि त्यापुढे आठपर्यंत स्ट्राँग. आपल्याकडे खपते ती मुख्यतः दुसरी.

तर कागद-पेन घ्या, कारण या लेखातला महत्त्वाचा भाग हाच आहे. मिलीला टक्क्यांनी गुणा, शंभराने भागा, आणि आलेल्या उत्तराला ०.७९ ने गुणा (दारू पाण्यापेक्षा हलकी असते म्हणून). आलेला आकडा म्हणजे शुद्ध दारूचे ग्रॅम.

व्हिस्कीचा एक छोटा पेग, ३० मिली, ४२.८ टक्के: दहा ग्रॅम. हे आपलं माप धरू.

बिअरची मोठी बाटली, ६५० मिली, आठ टक्के: एकेचाळीस ग्रॅम. म्हणजे चार पेग. एका बाटलीत.

त्या अमेरिकन कॅनमध्ये तीन पेगच्या वर.

'मी दारू पीत नाही, फक्त बिअर' म्हणणाऱ्या माणसाने संध्याकाळी दोन स्ट्राँग बाटल्या संपवल्या, तर त्याने आठ पेग घेतलेले असतात. व्हिस्कीचे आठ पेग घेणाऱ्याला घरचे दारुडा म्हणतात. त्याला मात्र म्हणतात, 'पोरगा बिअर घेतो जरा'.

असाच एक चौतिशीचा पेशंट माझ्याकडे आला होता (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). तक्रार काय, तर ॲसिडिटी आणि थकवा. बायको शेजारी बसली होती. विचारलं, दारू घेता का? "छे हो डॉक्टर, फक्त बिअर." किती? "रोज दोन." छोट्या की मोठ्या? "मोठ्या." साधी की स्ट्राँग? तो हसला, "साधी कोण पितं?" मी हिशोब कागदावर मांडून कागद त्याच्याकडे सरकवला. त्याने वाचला, उलटा केला, पुन्हा वाचला. बायको भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती, मग हळूच म्हणाली, "सात वर्षं झाली." रक्ताच्या तपासणीत जीजीटी बरंच वाढलेलं, सोनोग्राफीत यकृताला चरबी. तो नंतर म्हणाला की आजवर कोणत्याच डॉक्टरने बाटलीचा आकार विचारला नव्हता. हे आमच्या व्यवसायाबद्दल आहे आणि ते खरं आहे. आम्ही 'ऑकेजनल' असं लिहून पान उलटतो.

आणि मुतखडा. इथे तर आम्हीच गुन्हेगार आहोत. पेशंटला हसवायला 'दोन बिअर मारा, पडेल' असं म्हणणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. घडतं काय, ते ऐका. पाच मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे आपोआपच पडतात. दारू मेंदूतून येणाऱ्या एका संप्रेरकाला दाबते, त्यामुळे लघवी जास्त होते. खडा पडायचाच होता, तो पडतो, श्रेय बिअरला. खडा मोठा असेल आणि नळीत अडकला असेल, तर मागून लघवीचा लोंढा सोडल्याने कळ वाढते, खडा हलतोच असं नाही. शिवाय बिअरने युरिक ॲसिड वाढतं. गाऊटच्या म्हणजे सांध्यांच्या ठणक्याच्या पेशंटमध्ये बिअर हा दारूतला सगळ्यात वाईट प्रकार मानला जातो, आणि काही खडे युरिक ॲसिडचेच असतात.

प्रामाणिकपणे हेही सांगतो: परदेशांतल्या काही मोठ्या पाहणींत बिअर पिणाऱ्यांमध्ये मुतखडे कमी दिसले आहेत. ते खरं मानू. पण जास्त लघवी व्हावी एवढंच हवं असेल, तर ते काम दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी करतं, आणि पाण्याने यकृत सुजत नाही. आणि 'जवाचं पाणी'? जव शिजवून गाळलेलं पाणी जवाचं पाणी. तेच मोड आणून, आंबवून, त्यातल्या साखरेची दारू केली की ते जवाचं पाणी उरत नाही. द्राक्षाचा रस आणि वाइन, ताज्या उसाचा रस आणि रम, यांत आपण गल्लत करतो का?

'नॅचरल' या शब्दाबद्दल मी फार लिहिणार नाही. ताडीही नॅचरल आहे.

आता क्राफ्टवाल्या मित्रांकडे वळतो, कारण त्यांचा मुद्दा इतका कच्चा नाही. ते म्हणतात, डॉक्टर, आम्ही झिंगायला पीत नाही, चवीला पितो. हळू पितो, कमी पितो. पुण्यात २००९ मध्ये डूलॅली सुरू झाली, पुढे डोंबिवलीत गेटवेने बिअर बनवायला सुरुवात केली, आणि एका पिढीला बिअरला चव असू शकते हे कळलं. मान्य. दोनशे मिली, सात टक्क्यांची एखादी आयपीए तासभर पुरवली, तर तो साधारण एक पेग झाला. बाटल्या रिचवण्यापेक्षा हे बरंच बरं. पण तुम्ही खरोखर तसंच पिता का, हे तुमचं तुम्ही मोजा. आधी चवीचा ट्रे येतो, शंभर-शंभर मिलीचे सहा छोटे पेले. 'नुसतं चाखलं' म्हणता म्हणता सहाशे मिली होतात. सरासरी सहा टक्के धरले तर अठ्ठावीस ग्रॅम, जवळपास तीन पेग. मग आवडलेल्या बिअरचा मग मागवला जातो. चाखणं आणि पिणं यांतला फरक वाइनचे परीक्षक थुंकून पाळतात. आपण थुंकत नाही.

आणि कृपा करून 'इंडिया पेल एल'मधल्या इंडियाचा अभिमान मला सांगू नका. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनचा हॉजसन नावाचा ब्रुअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांना बिअर विकायचा. ती मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांसाठी यायची. हॉप्स जिवाणूंना आवरतात, म्हणून भरपूर हॉप्स घातलेली बिअर महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासात टिकायची. हे खास नाव जाहिरातींत रुळलं ते १८३० च्या दशकात. हॉप्स होते ते पिंपातली बिअर नासू नये म्हणून. पिणाऱ्याच्या तब्येतीचा त्यात विचार नव्हता.

तब्येतीबद्दल जागतिक पातळीवर काय म्हणतात तेही सांगून ठेवतो. दारू कर्करोगकारक आहे हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच पहिल्या गटात नोंदवलं: तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, पुढे आतडं आणि स्त्रियांमध्ये स्तन. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटलं की आरोग्याला सुरक्षित अशी दारूची कोणतीही मात्रा नाही. यात बिअर, वाइन, देशी, विदेशी असा भेद नाही. शरीरात सगळ्यांचं आधी ॲसिटाल्डिहाइडच होतं. तंबाखू किंवा गुटख्याची जोड असेल, तर तोंडाच्या कर्करोगाचा धोका नुसती बेरीज होऊन थांबत नाही, त्याहून वाढतो. आपल्या भागात ही जोडी किती सर्रास आहे, ते तुम्हाला माहीत आहे.

पुन्हा मुर्ध्याकडे येतो, कारण मला खरी काळजी त्या रस्त्याची आहे. आपल्या आगरी-कोळी घरांतली हळद म्हणजे लग्नाहून मोठा सोहळा. ढोल, नाच, मटण आणि हल्ली बर्फाच्या पिंपात बिअरचे क्रेट. घरातले वडीलधारे दारूला नाही म्हणतात, पण बिअर चालते. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांच्या हातातही 'बिअरच तर आहे' म्हणून बाटली दिली जाते. कायद्याने महाराष्ट्रात सौम्य बिअरलाही वय २१ लागतं, हार्ड लिकरला २५. रात्री बारा-एकला हीच पोरं बाइकवर तिघं तिघं बसून उत्तनच्या दिशेने फिरायला निघतात. रस्ता अरुंद, वळणांचा, कडेला घरं, मध्येच कुत्री, मध्येच मासळीचा टेम्पो.

हिशोब करून बघा. सत्तर किलोच्या माणसाने एक मोठी स्ट्राँग बाटली भरभर संपवली, तर त्याच्या रक्तात दर शंभर मिलीला ऐंशी-पंच्याऐंशी मिलिग्रॅम दारू चढू शकते. गाडी चालवायची कायद्याची मर्यादा आहे ३०. शरीर तासाला साधारण पंधरा मिलिग्रॅम उतरवतं. म्हणजे साडेतीन-चार तास तो गाडीला हात लावायच्या लायकीचा नसतो. लिंबूपाणी, काळी कॉफी, आंघोळ, उलटी, यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. वजन कमी असेल किंवा बाई असेल, तर आकडा याहून बराच वर जातो. पकडलं तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण मला पोलिसांची भीती घालायची नाही. त्या बाइकवरचा तिसरा पोरगा कधी कधी प्यायलेला नसतो. जखमा त्यालाही तितक्याच होतात.

मग माझं म्हणणं काय? बिअरवर बंदी आणा, असं मी म्हणत नाही. या राज्यात दारूबंदीचा कायदा १९४९ पासून आहे आणि त्याच कायद्याखाली परवाने देऊन दुकानं चालतात. माझी मागणी साधी आहे. बाटलीवर टक्के आणि मिली छापलेले असतात, पण त्यांचा गुणाकार पिणाऱ्यावर सोपवलेला असतो, आणि गुणाकार करायची शुद्ध त्याला पहिल्या बाटलीआधीच असते. 'या बाटलीत ४१ ग्रॅम दारू, म्हणजे ४ पेग' एवढं एक वाक्य ठळक छापायला काय हरकत आहे? ब्रुअरीत नळातून ग्लासात येणाऱ्या बिअरला तर लेबलच नसतं. तिथे मेनूकार्डावर पपनस, पाइन, आंबा, जर्दाळू असं वासाचं वर्णन चार ओळी असतं. त्याच्याच शेजारी ग्रॅम लिहा. जे चवीचे एवढे दर्दी आहेत, त्यांना आकडा वाचायला अडचण नसावी. आणि दुकानदार, ब्रुअर हे करत नाहीत तोवर तुम्ही करा. गुणाकार वर दिलाच आहे.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल, तर एक वेगळी सूचना. उपाशीपोटी बिअर घेतली की साखर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं ही लक्षणं बघून घरचे समजतात की चढली आहे, आणि झोपू देतात. तसं झोपू देऊ नका, साखर तपासा.

शेवटी, हा लेख वाचून कोणी तिरीमिरीत 'आजपासून बंद' असं ठरवेल, त्याच्यासाठी. रोज दोन-तीन मोठ्या बाटल्या काही वर्षं घेत असाल, तर एका दिवसात बंद करू नका. हात कापणं, घाम, झोप न येणं, भास होणं, क्वचित आकडी येणं असे प्रकार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकतात. 'फक्त बिअर' घेणाऱ्यांनाही ते होतं. आधी डॉक्टरांना भेटा, चार-पाच दिवसांच्या औषधांनी हे नीट सांभाळता येतं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतं. टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. आणि माझ्याकडे किंवा कोणाही डॉक्टरकडे जाताना रिकामी बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो सोबत न्या. 'किती घेता' या प्रश्नाचं उत्तर आपण दोघं मिळून त्यावरून काढू.